आडुतुरैला अडकलेला स्वयंपाक

१२ फेब्रुवारी २०१२ रोजी मी रुक्मिणीबाईंच्या हातात दक्षिणेचे चारशे एक्कावन्न रुपये पाकिटात घालून ठेवले. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, पहिलं वर्षश्राद्ध त्या दिवशी पार पडलं होतं. बाईंनी पाकीट न उघडताच कमरेला खोचलं आणि विचारलं, "तिथी हीच, घर हेच, होय ना?" मी हो म्हटलं. माघ वद्य पंचमी. पुढच्या वर्षी मी आठवण करून द्यायला फोन केला, तर त्यांनी वर मलाच विचारलं की वड्यांची उडीदडाळ आणून ठेवली आहे का.

तमिळनाडूतल्या आमच्या कुंभकोणमात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरं आहेत, पण श्राद्धाचा स्वयंपाक करणाऱ्या मराठी बायका आता दोनच उरल्या आहेत. त्यांपैकी एक गुडघ्यांमुळे घराबाहेर पडत नाही. दुसऱ्या रुक्मिणीबाई. त्या कुत्तालमला राहतात, मयिलाडुतुरैच्या अलीकडे. त्यांचे यजमान सुपारीच्या दुकानात कामाला होते. ते गेले तेव्हा बाई अडतीस वर्षांच्या होत्या आणि मुलगा सतीशकुमार नववीत होता. सासूनं त्यांना बसवून घेऊन श्राद्धाचा स्वयंपाक शिकवला: कोणत्या भाज्या चालतात, हिंग-चिंचेशिवाय आमटीला चव कशी आणायची, आणि न चाखता मीठ कसं घालायचं. चाखायचं नाही हा मुख्य नियम. पितरांचं पान वाढून होईपर्यंत त्या अन्नाला कुणाची जीभ लागत नाही. त्या एका विद्येवर त्यांनी मुलाला डिप्लोमापर्यंत शिकवलं. तो आता तिरुप्पूरला बनियनच्या कारखान्यात आहे आणि आईला तिकडे बोलावतो. त्या जात नाहीत. तिकडे आपल्या माणसांची श्राद्धं कोण करतं, असं म्हणतात.

त्यांची एकच अडचण होती. बस किंवा मोटारीत बसलं की त्यांना उलटी होते. चार किलोमीटरसुद्धा निभत नाहीत. एरवी माणूस तोंड धुऊन पुढे जातो, पण उलटी झालेल्या बाईला त्या दिवशी श्राद्धाचा स्वयंपाक करता येत नाही. म्हणून त्या फक्त रेल्वेनं येत. रेल्वेत त्यांना काही होत नसे. सकाळची पॅसेंजर कुत्तालमला धरायची, साडेसातच्या सुमाराला कुंभकोणमला उतरायचं आणि दहा मिनिटं चालत आमच्या घरी यायचं. आंघोळ करून, आदल्या दिवशी वाळवून ठेवलेलं सोवळ्याचं लुगडं नेसून आठ वाजता चुलीपुढे. करोनाच्या काळात पॅसेंजर बंद होत्या, त्या वर्षी त्या आल्या नाहीत. माझी बायको श्रीविद्या हिनं स्वयंपाक केला. भटजींनी नावं ठेवली नाहीत, पण वडा दोनदा मागितला नाही.

आता हा रेल्वेमार्ग कसा आहे ते सांगायला हवं. मयिलाडुतुरै ते तंजावर हा एकेरी मार्ग आहे. समोरासमोरून दोन गाड्या आल्या की एकीला स्टेशनात बाजूच्या रुळावर थांबावं लागतं. पोंगल, म्हणजे आपली संक्रांत, झाला की सांबा म्हणजे लांब हंगामाच्या भाताची कापणी येते, सरकारी खरेदीचं भात मालधक्क्यावर येतं, आणि बेचाळीस बेचाळीस वाघिणींच्या, म्हणजे मालडब्यांच्या, मालगाड्या भरून निघतात. रिकाम्या मालगाड्या आत येतात, भरलेल्या बाहेर जातात. या दिवसांत पॅसेंजर कुठे आणि किती वेळ उभी राहील ते कुणाला सांगता येत नाही. त्यात कुणाचा दोष आहे असं मी म्हणणार नाही. भातही जायला हवं आणि माणसंही. रूळ मात्र एकच आहे. माघ वद्य पंचमी नेमकी याच दिवसांत येते.

अण्णा कुंभकोणमच्या मालधक्क्यावर क्लार्क होते. छत्तीस वर्षं त्यांनी वाघिणी मोजल्या. मी बी.कॉम. करून पितळी भांड्यांच्या एका घाऊक पेढीत हिशेबाला लागलो, आणि येत्या जूनमध्ये तिथूनच निवृत्त होईन. आम्ही दोघेही मोजणारे. आई म्हणते की या घरात बायकांनी फक्त वाट पाहिली.

मागच्या वर्षी, २०२५ मध्ये, पंचमी १७ फेब्रुवारीला सोमवारी आली. घरची परिस्थिती अशी होती. श्रीविद्या न्हाणीघरात घसरून उजवं मनगट मोडून बसली होती, हाताला प्लॅस्टर. आई शहाऐंशी वर्षांची. तिला मधुमेह आहे, रात्री इन्सुलिनची सुई घ्यावी लागते. डॉक्टरांनी उपास करायचा नाही म्हणून बजावलं होतं. आईनं त्यांना सांगितलं होतं की वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस तुमचे, एक माझ्या नवऱ्याचा. ब्राह्मणांची पानं उठेपर्यंत ती पाणीसुद्धा घेत नाही. दरवर्षी साडेबाराला पानं वाढली जात आणि दीडच्या आत ती जेवायला बसे, त्यामुळे आजवर निभावलं होतं.

आठ वाजले तरी रुक्मिणीबाई आल्या नाहीत. त्यांच्या मोबाइलवर फोन केला तर वाजून वाजून बंद झाला. श्राद्धाच्या दिवशी त्या मोबाइल घरीच ठेवून येतात. सोवळ्याच्या गाठोड्यात तो असू नये असं त्यांचं मत. व्यंकटरमण भटजी येऊन दिवाणखान्यात बसले होते. ते म्हणाले, काल स्टेशनवर दोन मालगाड्या भरताना पाहिल्या. त्यापुढे त्यांना काही सांगावं लागलं नाही.

आठ वाजून वीस मिनिटांनी घरचा जुना फोन वाजला. आमच्याकडे तो अजून आहे, मी त्याचं बिल वेळेवर भरतो म्हणून सगळे हसतात. नंबर अनोळखी होता. पलीकडे रुक्मिणीबाई होत्या. त्यांना आमचा हाच एक नंबर पाठ होता.

गाडी सात वाजल्यापासून वाटेतल्या आडुतुरैला उभी होती. शेजारच्या रुळावर भरलेली मालगाडी होती. पुढे मयिलाडुतुरैच्या यार्डात जागा नसल्यामुळे तिला सोडत नव्हते. ती सुटल्याशिवाय त्या रुळावर दुसरी घेता येत नव्हती, आणि दुसरी भरलेली मालगाडी पुढच्या स्टेशनात समोरून यायची वाट पाहत उभी होती. ती आल्याशिवाय पॅसेंजर हलणार नव्हती. रुक्मिणीबाईंनी हे मला इतकं नीट सांगितलं की अण्णांना आनंद झाला असता. मग विचारलं, "राजगोपाला, आंघोळ झाली का तुझी?"

झाली होती. मी सोवळ्यातच होतो.

"मग पेटव चूल. बापाचं श्राद्ध मुलानं रांधलं तर ते पहिल्या प्रतीचं. मी इथून सांगत्ये."

मी म्हटलं, "मावशी, मला कॉफीशिवाय काही येत नाही."

"कॉफी नको आहे त्यांना," त्या म्हणाल्या.

श्रीविद्येनं स्टूल ओढून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी फोन ठेवला आणि डाव्या हातानं स्पीकरचं बटण दाबलं. प्लॅस्टरमुळे तिला सोवळ्यात आत येता येत नव्हतं. आई तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसली. असा आमचा स्वयंपाक सुरू झाला. मी आत, दोघी उंबऱ्याबाहेर, आणि सांगणारी सतरा किलोमीटरवर खिडकीत.

फोन स्वामीनाथ नावाच्या माणसाचा होता. तो आडुतुरैच्या फलाटावर उकडलेल्या शेंगा आणि सुंडल, म्हणजे हरभऱ्याची सुकी उसळ, विकतो. रोज नाही, गाडी अडकून पडली की डबा घेऊन येतो. वेळेवर आलेली गाडी एक मिनिट थांबते, तेवढ्यात कोण शेंगा घेणार? भाताच्या मोसमात मालगाड्यांमुळे त्याची चूल चालते, असं तो स्वतः सांगत होता. बाईंनी त्याच्याकडून काही घेतलं नाही, त्यांचा उपास. फक्त एक फोन करू दे म्हणाल्या. त्यानं नंबर लावून दिला आणि खिडकीशी थांबला. एक फोन लांबत गेला, तरी तो थांबूनच राहिला.

भाज्या चिरण्यात माझा पाऊण तास गेला. कच्ची केळी, कारली, घेवडा. मी केळ्यांचे तुकडे सारख्या मापाचे करत होतो. आईनं ते पाहून फोनमध्ये सांगितलं की हा चिरत नाही, पट्टी लावतोय. पलीकडून रुक्मिणीबाई म्हणाल्या, "अक्का, तुम्ही बघू नका. बघितलं की दोघांनाही उशीर होतो."

मीठ घालायची वेळ आली तेव्हा मी तराजू काढला. त्यांनी भांड्याच्या आवाजावरून ओळखलं की काय, कोण जाणे. "हातानं घाल," त्या म्हणाल्या. "पाच बोटांची एक चिमटी, मग तीन बोटांची एक. बापासाठी रांधतोयस, वाघीण भरत नाहीस."

यावर आई बऱ्याच दिवसांनी मोठ्यानं हसली. म्हणाली, "जन्मभर त्यांनी मालगाडी आधी काढली आणि आम्हाला थांबवलं. आज त्यांच्याच जेवणाला त्यांचीच मालगाडी आडवी."

साडेनऊच्या पुढेमागे पहिली मालगाडी सुटली. फोनमध्ये तीन-चार मिनिटं नुसता घडघडाट होता. तो संपतो न संपतो तोच फोन बंद पडला. स्वामीनाथच्या फोनमधले पैसे संपले होते. हे आम्हाला मागाहून कळलं. त्या वेळी फक्त शांतता होती, आणि चुलीवर दूध.

खिरीचा तांदूळ दुधात शिजला होता. पुढे गूळ घालायचा हे मला ठाऊक होतं. मी तो दोनशे ग्रॅम मोजून, बारीक करून, उकळत्या दुधात घातला. दूध माझ्या डोळ्यांसमोर फाटलं. भांडं खाली उतरवून, निवल्यावर गूळ घालायचा असतो हे आमच्याकडच्या दहा वर्षांच्या मुलीलाही ठाऊक असतं. मी साठाव्या वर्षी शिकलो.  श्रीविद्येनं प्लॅस्टरचा हात दुसऱ्या हातात घेतला आणि मान दुसरीकडे वळवली. दह्यासाठी ठेवलेलं अर्धा लिटर दूध होतं, त्याचीच मी पुन्हा खीर टाकली.

पंधरा मिनिटांनी फोन परत वाजला. स्वामीनाथनं पलीकडच्या दुकानात पळत जाऊन स्वतःच्या पैशानं वीस रुपये भरले होते. रुक्मिणीबाईंना फाटलेल्या दुधाचं सांगितलं. त्या म्हणाल्या की अर्ध्या लिटरची खीर पितरांना पुरते, आपल्यालाच पुन्हा मागायची हाव असते.

पावणेअकराला आईचा आवाज येईनासा झाला. मी वळून पाहिलं. ती खुर्चीतच होती, पण कपाळावर घाम आणि हात कापत होते. श्रीविद्येनं डाव्या हातानं तिच्या बोटाला सुई टोचून साखर पाहिली. बासष्ट. स्वयंपाक अर्धाच झाला होता. वडे तर मी हातातही घेतले नव्हते. जेवण व्हायला आणखी तीन तास लागणार हे मी मनात मोजलं.

श्रीविद्येनं ग्लुकोजचं पाणी पुढे केलं. आईनं ओठ मिटून घेतले. मी सांगून पाहिलं. भटजींनी दारातून सांगितलं की वृद्धांना, आजाऱ्यांना शास्त्रात सूट आहे. आई म्हणाली, "शास्त्राचं तुम्ही बघा. मला त्यांना तोंड दाखवायचं आहे." मग म्हणाली की तिला थोडं अंधारल्यासारखं दिसतंय, पण ते उन्हामुळे असेल. ती उन्हात बसली नव्हती.

फोन चालूच होता. हे सगळं रुक्मिणीबाईंनी ऐकलं होतं.

"अक्का," त्या म्हणाल्या, "माझं ऐका. मी एक सांगत्ये ते कुणाला सांगितलेलं नाही."

आईनं मान वर केली.

"चूल पेटवायच्या आधी मी एक वाटी गुळाचं पाणी पिते. दरवेळी. तुमच्या घरीही. न्हाणीघरात पिते, कुणाला दिसत नाही. नाही प्यायले तर चुलीपुढे चक्कर येते. सासूबाई गेल्या त्या वर्षापासून असंच चाललंय. एवढ्या वर्षांची श्राद्धं तुमच्या यजमानांना पोचली असतील, तर तुमची एक वाटी त्यांना अडवणार नाही. आणि पोचली नसतील, तर तो दोष माझा. तुम्ही कशाला उपाशी मरता?"

 मला या बोलण्याची किंमत कळत होती. निराहार राहून सोवळ्यानं रांधणारी बाई म्हणून लोक त्यांना बोलावत. आठवड्याला एखादं घर, असं करून त्यांचं वर्ष निघत होतं. आणि हे त्या भरलेल्या डब्यात, शेजारी माणसं बसलेली असताना, स्पीकरवर बोलत होत्या. आमच्या दिवाणखान्यात कुंभकोणमातल्या निम्म्या मराठी घरांची श्राद्धं चालवणारे व्यंकटरमण भटजी बसले होते.

आई खुर्चीतून फोनकडे वाकली. मग म्हणाली, "रुक्मिणी, गूळ किती घालतेस?"

"लिंबाएवढा."

आईनं श्रीविद्येला सांगितलं की ग्लुकोज नको, लिंबाएवढा गूळ घालून पाणी आण. ती ते सावकाश, सगळं प्यायली. पंधरा मिनिटांनी साखर एकोणनव्वद होती. आणखी अर्धी वाटी प्यायली. मग तिनं मला विचारलं की उभा काय राहिलास, कारलं करपतंय.

मी भटजींकडे गेलो. बाईंचं हे कुणाकडे बोलू नका म्हणायचं होतं. त्यांनीच पंचांग मिटलं आणि म्हणाले, "फोनमध्ये काय तो मालगाडीचा आवाज. मला एक अक्षर कळलं नाही." बाई बोलल्या तेव्हा फोनमध्ये कसलाच आवाज नव्हता. दुसरी मालगाडी यायला अजून दहा मिनिटं होती.

पॅसेंजर अकरा वाजून पाच मिनिटांनी आडुतुरैहून सुटली. पावणेबाराला रुक्मिणीबाई दारात उभ्या होत्या, हातात गाठोडं. त्या थेट न्हाणीघराकडे वळल्या. आईनं त्यांना हाक मारली आणि आपल्या समोरच्या तिपाईवर झाकून ठेवलेली वाटी दाखवली. गुळाचं पाणी होतं. रुक्मिणीबाईंनी भटजींकडे पाहिलं. भटजी दर्भ निवडत होते. मग त्या तिथेच, सगळ्यांच्या समोर, उभ्यानं ती वाटी प्यायल्या.

आंघोळ करून त्या आत आल्या, आमटीचा वास घेतला, खिरीचं भांडं एकदा हलवून पाहिलं. चाखता येत नाही, म्हणून मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. चेहऱ्यावरून काही कळलं नाही. "केळ्याचे तुकडे रेशनच्या साबणासारखे झालेत," एवढंच म्हणाल्या, आणि वड्यांना बसल्या. वडे, तिळाचे लाडू, चटणी त्यांनी तासाभरात उरकलं. एक वाजता पानं वाढली. ब्राह्मण व्यवस्थित जेवले. आमटीला मीठ किंचित कमी होतं हे मी स्वतः जेवलो तेव्हा कळलं, पण तोवर ती तीन पानांवर दोनदा वाढून झाली होती. आई सव्वादोनला जेवली. खीर तिनं एक चमचा मागितली. मी दिली.

निघताना मी नेहमीची दक्षिणा दिली. रुक्मिणीबाई अर्धीच घ्यायला तयार होत्या, अर्धा स्वयंपाक मी केला म्हणून वाद घालत होत्या. आईनं आतून सांगितलं की सांगण्याचेच पैसे असतात, रांधायला गाढवही रांधतं. मग त्यांनी पूर्ण घेतली.

मला त्यांचे आभार नीट मानता आले नाहीत. स्टेशनपर्यंत सोडायला गेलो, तर रस्ताभर त्या मालगाड्यांबद्दलच बोलत होत्या. एका वाघिणीत किती पोती मावतात, ते सगळं भात कुठं जातं. मी अण्णांकडून ऐकलेले आकडे सांगितले. त्या म्हणाल्या, एवढी माणसं जेवणार असतील तर आपण चार तास थांबलो त्यात काय गेलं. संध्याकाळची गाडी त्या दिवशी वीस मिनिटं उशिरा आली, तेवढं सोडलं तर काही घडलं नाही.

गुळाच्या पाण्याची गोष्ट खरी होती की आईसाठी त्या क्षणी रचलेली, हे मी विचारलेलं नाही. श्रीविद्येचं मत आहे की खरी. आईचं मत तिनं सांगितलेलं नाही, पण या वर्षी पंचमीला तिनं सकाळी सहा वाजता स्वतः दोन वाट्या मागवून घेतल्या आणि रुक्मिणीबाई येईपर्यंत एक झाकून ठेवली. त्यांना बोलावणारी घरं कमी झाली नाहीत. व्यंकटरमण भटजींनी उलट दोन नवी घरं दिली. ती तंजावरकडची आहेत, पण स्टेशनला लागून.

रुक्मिणीबाईंचं वय आता सदुसष्ट आहे. त्यांच्यामुळे माझी आई आज घरात आहे. मला स्वयंपाकाचे पाच पदार्थ येतात, तेही त्यांच्यामुळेच. श्रीविद्येचं मनगट बरं झालं तरी कारलं मीच करतो. मी देवाकडे फार काही मागत नाही, पण त्या रेल्वेमार्गावर दुसरा रूळ लवकर पडावा असं मला मनापासून वाटतं. तो पडला तर माझं एक काम मात्र कायमचं राहून जाईल.

गेल्या मार्चमध्ये मी स्वामीनाथला फोन केला होता. अडीच तास तो खिडकीशी उभा राहिला आणि त्याच्या शेंगा तशाच राहिल्या. त्याला काही द्यावं असं मनात होतं. शेंगांचं त्यानं हसण्यावारी नेलं. निदान फोनचे पैसे परत भरतो म्हटलं, तर म्हणाला, नको, हातात द्या, म्हणजे भेट होईल. म्हणून मी दोनदा सकाळच्या गाडीनं आडुतुरैवरून गेलो. दोन्ही वेळा भाताचा मोसम संपला होता. गाडी आडुतुरैला वेळेवर आली, एक मिनिट थांबली आणि सुटली. फलाटावर तो नव्हता. स्वामीनाथचे वीस रुपये अजून द्यायचे आहेत.